करंडा

गंगवाल स्टँडवर देपालपूरची बस सोडून
महू नाक्यापर्यंत पायी आली रामकुँवर,
पदराच्या गाठीत पितळी करंडा.
आत कुंकू नव्हतं.
चक्क्यासारखा घट्ट, हिरवट पांढरा,
वास नसलेला पू.

"खाली पड्यो थो, बेन,"
म्हणाली ती, करंड्याबद्दल.
मी तिच्या कपाळाकडे पाहिलं
आणि नोंदवहीत मान घातली.
शेळ्या एकवीस, बोकड एक.
सहा जणींना जबड्याखाली गाठी.
चंदीला खांद्यापुढे, लिंबाएवढी.
चारा खातात. दूध आटलंय.
वजन?
ती हसली. मी त्या रकान्यात रेघ मारली.

तिनं विचारलं, पिकू देऊ, की आत्ताच चिरू?

पिकणे.
एका क्रियापदावर किती ओझं लादलंय आपण.
सीताफळ पिकतं, केस पिकतात,
लग्नघरी हशा पिकतो,
देपालपूरला गहू,
आणि चंदीच्या कातड्याखाली
कसलीही घाई न करता
हे.

लाल थाळीवर तारेनं रेघा ओढल्या.
थाळीतलं रक्त मेंढीचं,
म्हणजे पेशंटच्या मावशीचंच.
पहिल्या दिवशी काही नाही.
गेंदालाल म्हणाला, मॅडम, फेकू का?
दुसऱ्या संध्याकाळी
खसखशीहून बारीक, कोरडे ठिपके.
ढकलले तर कॅरमच्या सोंगट्यांसारखे
न मोडता सरकले.
तेव्हाच कळलं मला.
पण मला कळून चालत नाही,
रंगवून दाखवावं लागतं.

भिंगाखाली जांभळ्या काड्या.
चिनी अक्षरांसारख्या, असं पुस्तक म्हणतं.
चिनी मी कधी वाचलं नाही.
मला ती मोडी वाटली,
ताम्हाणे सर रविवारी फुकट शिकवायचे तशी,
हात न उचलता लिहिलेली
आणि मग कुणीतरी टरकावलेली.
इथे एक वळण, तिथे नुसता फराटा.
पत्र कुणाचं, कुणाला, लागत नाही.
एवढंच लागतं:
मुक्काम इथेच.

गाठ कापली की आत कांदा असतो.
पापुद्र्यावर पापुद्रा.
शरीर म्हणतं, बस, इथवरच,
आणि भिंत घालतं.
काड्या भिंतीच्या आत जगतात.
शरीर पुन्हा म्हणतं, इथवरच.
पू म्हणजे त्या काड्या नव्हेत,
मी शिकाऊ मुलांना सांगते,
पू म्हणजे बहुतेक आपलीच माणसं,
लढायला गेलेली.
मुलं लिहून घेतात. परीक्षेत येत नाही.

बुधवारी ती आली.
सांगितलं, गोठ्यात फुटू देऊ नकोस,
माती महिनोन्महिने विसरत नाही.
काटेरी तार काढ, त्यावरच अंग घासतात.
डॉक्टर चिरतील. कापूस पुरू नकोस, जाळ.
आयोडीन. हातमोजे. सहा जणी वेगळ्या बांध,
आणि चंदी तर
सगळ्यांपासून लांब.

"ती रात्रभर ओरडेल."
मग तू झोप तिच्याजवळ, मी म्हटलं.
हे कुठल्याच पत्रकात नाही.
हात धुऊन, हेही म्हटलं, जरा उशिरा.

भांडं परत देत नाहीत. नियम आहे.
मी करंडा दोनदा शिजवला,
एकशे एकवीस अंश, वाफेच्या दाबाखाली,
कुकरच्या शिट्ट्या मोजाव्यात तशी उभी राहून.
पितळ काळवंडलं.
झाकणाच्या खाचेत कधीचं अडकलेलं थोडं
वितळून खालच्या कागदावर उतरलं होतं,
लाल, अर्ध्या बांगडीएवढं.

कागद मी दाखवला नाही.
तिनं करंडा उघडला, हुंगला,
झाकण दोनदा लावून पाहिलं.
"आता यात काय ठेवू?"
मीठ, म्हटलं मी. दुसरं सुचलं नाही.

ती गेल्यावर शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं,
भांडे परत.
गेंदालालनं वाचलं,
आणि थाळ्या उचलून
भट्टीकडे निघाला.