मातकट

पंचनाम्यात मी हा शब्द किती वेळा लिहिला
त्याचा हिशेब जिंतूर ठाण्यात कुणाकडेच नाही.
‘मातकट रंगाची पिशवी एक, बंद तुटलेला.’
‘धोतर, मातकट, जुने वापरते.’
‘शेळी, मातकट, डाव्या कानास चीर.’
पंच अंगठे उठवायचे, मी त्यांच्यापुढे चिंधी सरकवायचो,
आणि बाहेर, खिडकीपासून नजर जाईल तिथवर
जमीन पडलेली असायची
काळी. नुसती काळी.

मग ही माती कुठली?
कोणत्या शिवारातली, जिच्या नावावर आम्ही
हा रंग चढवून ठेवला?

चारठाण्याच्या रस्त्याला वासरू विहिरीत पडलं
तेव्हा साळूबा वडार दोरावरून वर आला
पापण्यांपर्यंत भरलेला.
म्हणाला, काळी म्हंजी वरची वाकळ, हवालदार.
पंधरा हात खाली या,
मंग कळंल जमीन झोपंत कशी दिसती.
मूठ उघडली त्यानं.
गूळ, हळद आणि गंज
एकाच सहाणेवर उगाळावं तसा मुरूम.
मी वहीत लिहिलं, ‘माती: मातकट’
आणि स्वतःशीच हसलो.

माळ्यावर निजामाच्या वेळचं एक दफ्तर होतं,
अर्धं वाळवीनं वाचून संपवलेलं.
कय्यूम जमादारांनी उरलेल्या अर्ध्यावर बोट फिरवलं
उजवीकडून डावीकडे:
बैल एक, लावारीस, रंग खाकी.
‘खाक म्हणजे माती, बेटा,’ ते म्हणाले
आणि माझी बाही चिमटीत धरून
जरा जास्तच वेळ सोडली नाही.
त्या रात्री वर्दी दोरीवर वाळत होती.
बायको म्हणाली, काय बघताय तिच्याकडं एवढं?

धुरपताबाई आली ती चैतातल्या दुपारी.
येलदरीच्या कालव्याकाठी सापडलेला सदरा
मी टेबलावर पसरला, रीतीप्रमाणे वाचून दाखवलं:
‘सदरा एक, मातकट रंगाचा, गुंडी नाही.’
ती थांबा म्हणाली नाही. रडली नाही.
काखेतली शिवण दातांनी उसवली
आणि आतली दुमड उलटी करून
माझ्या चष्म्यापुढं धरली.

तिथं ऊन पोचलं नव्हतं.
बोटभर, नाही, बोटाच्या पेरभर
मोरपंखी.

‘सेलूच्या बाजारातून म्या आणला व्हता.
मोरपंखी हाय ह्यो. लिवा.
वर दिसतंय त्यो रंग न्हाई सायेब, ती वाट हाय.
लई चालला माझा भाऊ.’

पंचनाम्यात खाडाखोड चालत नाही.
केलीच तर समासात सही लागते,
आणि वर कुणीतरी कारण विचारतं.
मी शब्दावर आडवी रेघ मारली.
सही केली. कारण कुणी विचारलं नाही,
माझ्याकडंही नव्हतं.

पुढं सहा वर्षं नोकरी उरली होती.
रंगाच्या रकान्यापाशी आलो की हात आपोआप
शिवण शोधायचा, कॉलरच्या आत, नेफ्यात,
पिशवीच्या तळाशी.
कधी अबोली निघायची, कधी शाळेचा निळा,
एकदा तर नवरीचा पिवळा निघाला
आणि पंच उठून बाहेर पाणी प्यायला गेले.

कित्येकदा आतही काही निघायचं नाही.

शेळीला मात्र शिवण नसते.
तिला मी मातकटच लिहिलं.