लाभ, दोन, तीन

पुस्तक जुन्या बाजारातलं, कव्हर गेलेलं.
पान एकशे बारावर तो कोनाकोनाचा आकार:
डोक्यावर एन, पायाशी आय बरोबर एक.
मला तो हमालाचा आकडा वाटला,
पोत्यात रुतवून ओढायचा, लोखंडी.
आप्पांनी चष्मा वर सारून पाहिलं,
म्हणाले, आकडाच की गं, जरा मोठा हाय.

सांगलीच्या यार्डात फेब्रुवारी म्हणजे हळद.
नाकात, वहीत, भाकरीच्या पदरात.
गाळ्याच्या पायरीवर मी पहिल्या वर्षाचं गणित घेऊन बसायची
आणि समोर रुमालाखाली
दोन माणसांची बोटं भाव बोलायची.
चार बोटं धरली की चार.
पण चार काय, शेकडा की हजार,
हे आधीच ठरलेलं असायचं दोघांत.
ते ठाऊक नसेल
तर रुमालाखाली नुसते दोन घामट हात.

पुढच्या पानावर उंच कंसात पाच, त्याखाली दोन.
मधली रेघ नव्हती.
छापताना राहिली असेल म्हणून मीच पेन्सिलीने ओढली.
उत्तर आलं अडीच.
पुस्तकाच्या शेवटी छापलेलं दहा.
तीन दिवस मी अडीचचे दहा करत होते.

मुल्लाणी मॅडमनी काही विचारलं नाही.
माझी रेघ रबराने पुसली, फुंकर मारली.
"भागायचं नाही गं. निवडायचंय. पाचांतून दोन."
आणि घंटा झाली.

संध्याकाळी आप्पांनी पाच ताटल्या मांडल्या नमुन्यांच्या:
राजापुरी, सेलम, कडप्पा, देशी,
आणि एक, जिचं नाव त्यांनाही आठवेना.
उचल कुठलीबी दोन, म्हणाले.
राजापुरीच्या जोडीला चौघी.
सेलमला उरल्या तीन, राजापुरीशी आधीच झालेलं.
मग दोन. मग एक.
बोटं पिवळी झाली तेव्हा दहा झाले होते.

चार आणि तीन आणि दोन आणि एक.
मी पान मागे उलटलं.
आकडा तिथेच होता,
आता मला त्यात पोती दिसली, थप्पीला लावलेली,
आणि पायाशी उभे आप्पा.

पायगोंडा तोलार कधी 'एक' म्हणाले नाहीत.
पहिलं पोतं काट्यावर चढलं की म्हणायचे, लाभ.
मग दोन, तीन,
शेवटच्या पोत्यापर्यंत त्याच सुरात,
घसा बसला तरी.

आयच्या जागी जे लिहा, के लिहा, मॅडम शिकवायच्या,
बेरीज तीच येते.
बेरीज होईपर्यंतच त्याचं काम.
उत्तरात तो दिसत नाही.
हे मी वहीत उतरवून घेतलं, खाली रेघ मारली,
परीक्षेत दोन मार्कांना आलंही.

दिवाळीनंतर यार्डात इलेक्ट्रॉनिक काटा बसला.
तांबडे अंक आपले आपण उजळतात.
पट्टीवर वजन येतं, शेतकऱ्याचं नाव येतं,
अडत्याचं येतं.
आप्पा घरी मटकी निवडत बसतात,
खडा सापडला की तोंडातल्या तोंडात मोजतात.

आता विट्याच्या कॉलेजात मी फळ्यावर तो आकार काढते.
मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतंच,
मॅडम, हे वाचायचं कुठून?
मी पायाशी खडू टेकवते
आणि तोंडातून निघून जातं, लाभ.
पोरं हसतात.
मी पुढे म्हणते, दोन.