दोनशे तेवीस दाते

दामायनेतोस म्हणाला, या चाकाला दोनशे तेवीस दाते हवेत.
मी म्हटलं, एक वाढवू की.
चोवीस असले तर निम्मे, निम्म्याचे निम्मे करत
सातावर उतरता येतं, हाताला वळण आहे त्याचं.
तेवीसला कुठून धरायचं? त्याला कुठे शिवणच नाही.

तो हसला नाही.
दोनशे तेवीस महिन्यांनी चंद्र
पुन्हा त्याच सावलीत शिरतो, म्हणाला,
तो काही तुझ्या हाताची सोय बघत नाही.

तो काठीनं वाळूत वर्तुळ काढतो
आणि सांगतो, हे खरं नव्हे,
खरं वर्तुळ मनात असतं.
असेल.
मनातल्याला कानस लावावी लागत नाही.
माझं कांशाचं, वीतभरही नाही,
पण बोटांना त्याचा वास लागला
की लसूण चोळूनही जात नाही.

रोदोसच्या बंदरात मद्याचे रांजण उतरत राहिले,
मी मान खाली घालून एकेक दाता सोडवत होतो.
शंभरापर्यंत ठीक. दीडशेला डोळ्यांत पाणी.
शेवटी जागा उरली दोन दात्यांची
आणि करायचे होते तीन.

कोणाला सांगणार?
रात्री दिव्याशी बसून चूक वाटून टाकली,
या दात्यावर केसभर, त्याच्यावर केसभर,
मासा एक आणि तोंडं सात असली की
आमच्या घरात वाटतात, तशी.

ग्रहणाच्या रात्री पाहुणे पेटीभोवती वाकले.
माझी तिमारेता तेवढी वर, छतावर.
"बाबा, लागलं!"
काटा अजून जागेवर पोचायचा होता.

दामायनेतोस बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, चंद्रच कधी घाई करतो, कधी रेंगाळतो,
याचं कारण शोधायला हवं.
आणि मेणाची पाटी मागवली.

तेही खरं असेल.
पाहुणे जेवायला गेले तेव्हा
मागची फळी काढून मी अंगठा आत घातला.
एकशे एकाहत्तरावा.
अजून जाड आहे.

"बाबा, लाल झालाय,
नुकत्या घासलेल्या तांब्यासारखा!"

कानस आणायला म्हणून उठलो
आणि जिना चढून वर गेलो.