दुमड

नववीच्या उन्हाळ्यात
पाय माझ्याआधीच वाढले.
आईनं पँटची दुमड उसवली,
तांब्यात निखारे घालून फिरवला वरून,
तरी घोट्याशी उरलीच
एक गडद निळी रेघ,
बाकी पँट धुऊन धुऊन विटलेली.

घरून फाट्यापर्यंत चारशे पावलं.
उकंडरावची गिरणी, पानठेला,
पारावर झिंगराजी अन् त्याचे तीन सोबती.
सगळे ती रेघच वाचत होते.
गिरणीचा पट्टासुद्धा
फटक फटक तेच म्हणायचा.
मग मी पऱ्हाटीच्या धुऱ्यानं लांबून जायला लागलो.
वर्गात पोचायचो तेव्हा
रेघ तर होतीच,
वरून पँटभर कुसळं.

परिपाठात प्रतिज्ञेची पाळी आली.
पहिलं वाक्य मी सुरू केलं,
संपवलं कुण्या भलत्याच माणसानं,
घोगऱ्या.
पुढच्या रांगेत करुणा इंगोलेनं
वही तोंडाशी धरली.
त्या वहीमागं ती हसत राहिली
वर्षभर. माझ्यावर.

परवा भेटली, चोवीस वर्षांनी,
भाचीच्या लग्नात पंगतीत वाढताना,
हातात वांग्याच्या भाजीची बादली.
मी रेघेचं सांगितलं.
"कायची रेघ रे?"
अन् सवयीनं मोकळा हात तोंडाशी नेत,
"माहा दात पुढं आला होता ना त्या साली.
तुले दिसलाच असंन."

नव्हता दिसला.
बादली तशीच धरून ती उभी राहिली,
जराशी हिरमुसल्यासारखी.
पंगतीतून कुणीतरी रस्सा मागत होतं.

पारावरचा झिंगराजी अजून आहे.
त्यानं डोळ्यांवर हात धरून विचारलं,
"तू नरूचा मोठा का लायना?"
तेव्हा खरं सांगतो, राग आला.
एवढी जत्रा भरवली होती मी माझ्याभोवती,
तिला कुणी आलंच नव्हतं.

काल भाचा, सुयोग,
माझ्या मोटरसायकलच्या आरशाशी
अर्धा तास वाकलेला.
"मामा, लय दिसते का हे?"
हनुवटीवर एक फोड,
ज्वारीच्या दाण्याएवढा.

काहीच नाही रे, कोण पाहते,
असं ओठांवर आलं होतं.
मी त्याची हनुवटी उजेडाकडे वळवली
अन् नीट पाहिलं.