पाण्याची पाळी

पणजोबा पागेत गवताच्या पेंढ्या मोजायचे.
मी त्याच घाटीगावच्या बिडात
पाण्याचे तास मोजतो:
व्हॉल्व तीन, पहाटे चार ते सहा.

लष्करहून मोटारसायकलनं पोचतो तेव्हा
बदामी गुर्जर बांधावर बसलेली असते,
शेळ्या मागं, काठी आडवी.

पहिल्या वर्षी रोज पाणी सोडलं.
उगवलं ते गाजरगवत, कमरेएवढं.
ती हसली नाही. म्हणाली,
"लल्ला, रोज पाजलंस तर
मूळ खाली कशाला जाईल?"

आता नवव्या दिवशी.
मधले आठ दिवस जमीन भेगाळते,
मी नखं खातो,
वरचे साहेब फोनवर विचारतात,
हिरवं कधी दिसणार.

काल तिनं कुदळीनं एक ठोंब खणून काढला. मारवेल.
वर चार बोटं पान,
खाली तिच्या कोपरापर्यंत मूळ, मातीसकट.
दाखवला, परत लावला,
टाचेनं दाबला.

शेळ्यांना अजून आत सोडत नाही ती.
एक लंगडं करडू तेवढं
तारेखालून घुसतं.
त्याच्या खुरांच्या खळग्यांत
पाळीचं शेवटचं पाणी थांबतं.

वहीत त्याला रकाना नाही.