न निघालेल्या धुराची पावती

सांतियागोहून तपासनीस आला
कोऱ्या बुटांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून.
कचऱ्याच्या टेकडीवर चार पावलं चढला, थांबला,
म्हणाला, "ज्योत कुठाय?"

दिवसा दिसत नाही ती.
नळकांड्याच्या तोंडाशी हवा तेवढी थरथरते
आणि पलीकडचा ज्वालामुखी
पाण्यातल्यासारखा हलतो.

मी एदेल्मिरा काइउकेओ, नगरपालिकेची हिशेबनीस.
बाजारगाळे, घरपट्टी, कुत्र्यांचे परवाने,
इतकी वर्षं जे झालं त्याचीच नोंद केली.
आता जे झालं नाही ते विकायचंय:
आभाळात न गेलेला वायू, टनावारी,
समुद्रापलीकडच्या कुणा सिमेंटवाल्याला.
मार्चमध्ये एका टनात दोन एम्पानाडा येत.
आता एकच, तोही बिनमांसाचा.

तरी नगराध्यक्षांनी फलक रंगवून ठेवलाय:
शाळेसाठी विजेवरची बस.
बस यायचीय. फलकावर चिखल उडून झालाय.

तपासनीसानं फॉर्म पुढे केला.
रकाना सतरा:
पैसे मिळणार नसते, तर हा वायू कुणी जाळला असता का?
"नाही लिहा," पेन देत तो म्हणाला,
"सगळेच लिहितात."

म्हणजे पैशाशिवाय आम्ही जागचे हललो नसतो
हे आम्हीच सांगायचं, शिक्क्यानिशी.
जेवढे नालायक, तेवढे पात्र.

अगदीच खोटं नाही म्हणा.
अकरा वर्षं सभेत ठराव आला,
चहा झाला,
ठराव गेला.

पण निकानोर आहे ना.
टेकडीचा रखवालदार, एक भुवई जळालेली.
प्रकल्पाच्या तीन हिवाळे आधी
पदरमोड करून त्यानं जुन्या बंबाचा पाइप पुरला,
वर फुटकं पिंप उपडं घातलं
आणि काडी ओढली.
कुणी सांगितलं नव्हतं.
वारा फिरला की तिसरीच्या वर्गातली पोरं
डोकी धरून बसायची, एवढंच.

आत्ता तो खाली फाटकाशी
साहेबांच्या गाडीची काच पुसतोय.
त्याला वाटतंय, त्याचंच काम बघायला आलेत.

रकाना सतरा दोन बोटं रुंद.
'नाही' त्यात ऐसपैस बसतं.
निकानोरचं आख्खं नाव बसत नाही,
मी मनात लिहून पाहिलं.

तपासनीस घड्याळ बघतो.
खालून निकानोर तोंडाशी हात धरून ओरडतो,
"अहो, विचारा ना त्यांना,
दिसली का ज्योत?"