पाठीला माती

खळी उरकली, बाजरी कणगीत गेली
की मी निघायचो. सालुमच्या काठाने, गावामागून गाव.
कमरेला फडकं, दंडावर आईने बांधलेले सात ताईत,
आणि जिंकलोच तर तांदळाचं पोतं डोक्यावर.
हरलो तर नुसतं डोकं. तेही वाहावंच लागतं.

फान्दियरच्या फडात एका कोळ्याच्या पोराने
मला असं आपटलं की ढोलवाल्याचा हात चुकला.
तिथेच एक म्हातारी म्हणाली, जा सेमूकडे.
कोण सेमू?
साल्तिगे. पाऊस कधी येणार ते सांगतो.
यंदा चुकला होता, पण सांगतो.

होडीवाल्याने मला खारफुटीच्या तोंडाशी सोडलं.
पुढे यायला तयार नाही, पैसेही घेईना.
शिंपल्यांची टेकडी, वर गोरखचिंच,
तिच्या ढोलीत पूर्वजांसाठी दुधाचा तुंबा
आणि शेजारी तो,
जाळं नसताना जाळं विणावं तसे हात हलवत.
त्याचं गाव कुठलं, कुणालाच ठाऊक नाही.
त्याने माझे ताईत मोजले. म्हणाला,
'एवढा भ्यालास?'

ओहोटीला त्याने मला चिखलात उभं केलं.
गुडघ्यापर्यंत गेलो. जोर लावला, मांडीपर्यंत गेलो.
तो काठावर कोलंबी भाजत बसला होता.
'जोर सोड. चिखल तुझ्या जोरावरच जगतो.'
चौदा दिवस हेच.
भरतीचं पाणी छातीला लागलं की दोर टाकायचा,
न बोलता ओढून घ्यायचा.
पंधराव्या दिवशी पाय आपसूक सुटला,
झोपलेल्या पोराच्या मुठीतून शिंपला सुटावा तसा.

मग डाव. डाव एवढाच:
माणूस श्वास सोडतो, संपवतो,
आणि पुढचा घ्यायच्या आधी
केसभर वेळ त्याची टाच जमिनीची नसते.
'बैलासारखा गडी असू दे, त्या केसभरात तो पोरका असतो.
पण बघू नकोस. डोळ्यांना उशीर होतो. ऐक.'

मी ऐकू लागलो.
खेकड्यांची बिळं, एका पायावर पेंगणारा बगळा,
रात्री चटईवर सेमू.
सेमूचा श्वास ऐकला आणि उठून बसलो.
फार उरले नव्हते.
वाळक्या भोपळ्यात बिया खुळखुळतात, तितके.

सकाळी तो म्हणाला, 'ये, धर.'
सत्तरीचा माणूस. त्याने मला सहादा पाडलं,
अंगणात पाणी फेकावं इतक्या सहज.
सातव्यांदा त्याचा श्वास संपला, टाच सुटली,
मी ऐकलं
आणि हात आवरला.

कानाखाली बसली.
'दया करतोस?
चाळीस वर्षं माझ्या पाठीला माती लागलेली नाही.
उद्या लोक ती माझ्या अंगावर ढकलतील,
तेव्हा परकी वाटायला नको.
आधी ओळख करून दे.'

मग मी डाव टाकला. पुरता.
टेकडीभर शिंपले कोरडे वाजले.
तो तसाच पडून राहिला, आभाळाकडे तोंड करून,
मांडी खाजवली, म्हणाला, 'गार आहे की.'
मग उठला आणि कोलंबी करपली म्हणून
मला तासभर शिव्या घातल्या.

पावसाआधी तो गेला. मला मिठाच्या होडीवरून कळलं.

त्या साली कोळ्याचा पोरगा पडला.
लोकांनी माझे दंड चाचपले, कोणता ताईत, कुणाचा ताईत.
एकही नव्हता. सगळे चिखलात राहिले.
आईला अजून सांगितलेलं नाही.

आता पोत्यांवर पोती. म्हणतात,
लातिरला पाडणारा जन्मायचाय.
ढोल थांबले की मी
फडाच्या कडेला बसलेल्या पोरांकडे बघतो.
बघत नाही खरं तर, ऐकतो,
त्यांतल्या कुणी माझ्या टाचेकडे
कान लावलाय का.